मुलांना देवाची वाणी ऐकायला घरी कसं शिकवावं: तयारी, क्रम आणि वारंवार होणाऱ्या चुका

घरची प्रार्थना संपत आलेली असते. आई म्हणते, "आता डोळे मीट आणि देव तुला काय सांगतोय ते ऐक." मिनिटभर सगळे गप्प. लगेच प्रश्न येतो, "काय म्हणाला देव?" मूल एक डोळा किलकिला करून आईच्या तोंडाकडे बघतं आणि सांगतं, "खोटं बोलू नकोस म्हणाला." आई खूश, पपा खूश. त्या मिनिटात मूल एवढंच शिकतं की आईला काय ऐकायला आवडतं.

बडोद्यातल्या आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत हे सर्रास चालतं. संडे स्कूलमध्ये मुलं तोंडपाठ उत्तरं देतात त्यावरून ते लगेच कळतं. हेतू चांगला असतो, क्रम उलटा असतो: आधी शांतता, मग उत्तराची मागणी, आणि शेवटी उत्तराला शोभेसं एखादं वचन. खरा क्रम असा: भूक-झोप भागलेली, मग वचन, मग शांतता, मग सांगणं, मग पारख, मग एक छोटी कृती. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलं आहे. रोज पंधरा मिनिटं पुरतात. चार ते बारा वर्षांची मुलं डोळ्यांपुढे ठेवली आहेत.

आधी मोठ्यांची तयारी

मुलांना बसवण्यापूर्वी नवरा-बायकोने, आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनीही, तीन गोष्टी आपापसांत ठरवून घ्याव्यात.

पहिली, "देवाची वाणी" म्हणताना आपल्याला काय म्हणायचं आहे. मुलाला सांगायचं ते साधं असावं: देव मुख्यतः त्याच्या वचनातून, म्हणजे बायबलमधून, बोलतो, कधी वाचलेलं एखादं वाक्य मनात घर करून राहतं, कधी मन टोचतं, कधी कुणाची आठवण येते आणि त्याच्याकडे जावंसं वाटतं. कानाला ऐकू येणारा आवाज शास्त्रात आहे, पण तो रोजचा नाही. "तू नीट बसलास तर देव तुझ्याशी बोलेलच" असं आश्वासन देऊ नका. देव कधी बोलेल हे ठरवणारे आपण कोण?

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरातली कुठलीही आज्ञा देवाच्या नावावर खपवायची नाही. "मोबाइल ठेव, देवाला आवडत नाही." "भाजी संपव, नाहीतर येशू नाराज होईल." मोबाइल तुम्हाला ठेवून हवा आहे, तर तुमच्या नावाने सांगा. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको ही आज्ञा (निर्गम २०:७) आपण शिव्याशापांपुरती समजतो, पण आपलं म्हणणं त्याच्या तोंडी घालणं हाही तिचा भंगच आहे. ज्या मुलाने सहा वर्षं आईचा आवाज देवाचा म्हणून ऐकला, त्याला सातव्या वर्षी दोन्ही वेगळे कसे ओळखू येणार?

तिसरी, कोण घेणार. एका वेळी एकच जण. आजी वाचतेय, मधेच पपा समजावून सांगतायत, आई मुलाची मांडी सरळ करतेय, अशाने मूल ऐकण्याऐवजी सांभाळून बसतं.

*तपासा:* गेल्या आठवड्यात मुलाने तुम्हाला स्वतःहून वचन वाचून गप्प बसलेलं पाहिलं का? पाहिलं नसेल तर आधी काही दिवस तुम्ही एकट्याने बसा, मुलाच्या नजरेसमोर, पण त्याला न बोलावता. ते आपणहून येऊन टेकेल.

वेळ, जागा, भाषा

संदेष्टा एलीया थकून रतामाच्या झुडपाखाली पडला होता. तिथे देवाने त्याला आधी झोपू दिलं, मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. होरेबाच्या डोंगरावरची ती शांत, मंद वाणी त्यानंतरची (१ राजे १९). आपण मात्र रात्री साडेनऊला, ट्यूशन आणि होमवर्क उरकून पेंगणाऱ्या मुलाला म्हणतो, "नीट बस, देवाचं ऐक." उपाशी किंवा झोपाळलेल्या मुलाला बसवू नका. बहुतेक घरांत जेवणाआधीची वेळ, हातात काहीतरी खाऊ पडल्यानंतरची, चांगली जमते. ज्यांची शाळा दुपारची आहे त्यांना सकाळ बरी.

बडोद्यात वर्षाचं वेळापत्रकही बघावं लागतं. नवरात्रात नऊ रात्री गरब्याच्या ढोलाचा आवाज खिडक्या बंद करूनही घरात येतो. त्या दिवसांत सकाळी बसा. उत्तरायणाला, चौदा-पंधरा जानेवारीला, गच्चीवर पतंग, पिपाण्या आणि "काय पो छे" चालू असताना मुलाला आत कोंडून प्रार्थनेला बसवणं म्हणजे प्रार्थनेचाच राग यायला शिकवणं. त्या दोन दिवशी सुट्टी द्या, काही बिघडत नाही. मे महिन्यात उकाड्याने जीव नकोसा होतो, तेव्हा दिवस मावळल्यावर गच्ची किंवा ओटा.

जागा रोज एकच असावी. सतरंजी टाकली की झालं. मेणबत्ती, फुलं, खास कोपरा सजवण्याच्या नादी लागू नका, मुलांचं लक्ष वातीकडे जातं. फोन दुसऱ्या खोलीत. शास्त्र फोनवर वाचत असाल तर या पंधरा मिनिटांसाठी छापील प्रत काढा, कारण वाचता वाचता वर मेसेज उतरला की तुमची नजर हलते आणि मूल ते बरोबर टिपतं.

आता भाषा. आपली मुलं गल्लीत गुजराती बोलतात, शाळेत इंग्रजी, चर्चमध्ये गुजराती किंवा हिंदी गीतं म्हणतात आणि घरी आपल्याशी मराठी. वचन मराठीतून वाचा, शक्य तर सोप्या भाषांतरातून. जुनं भाषांतर आजीला पाठ असतं पण मुलाला त्यातलं निम्मं कळत नाही. मात्र प्रार्थना आणि सांगणं मुलाला ज्या भाषेत सुचेल त्यात होऊ द्या. "मराठीत बोल" असं मधेच म्हणालात की ते काय सांगणार होतं ते विसरतं आणि क्रियापद शोधायला लागतं.

लागणारं साहित्य: शास्त्राची प्रत, प्रत्येक मुलाला एक बिनरेघांची वही, पेन्सिल. बस.

*सावध:* शेजारची मुलं खेळायला आलेली असतील तर त्यांच्या आई-वडिलांना विचारल्याशिवाय त्यांना यात बसवू नका. ती घरी गेल्यावर बसा.

टप्पा १: नुसतं ऐकण्याचा सराव

पहिले काही दिवस देवाचं नाव न काढता फक्त कान वापरायला शिकवा. गॅलरीत बसा. एक मिनिट कुणी बोलायचं नाही, मग प्रत्येकाने ऐकलेले आवाज सांगायचे. पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी, रिक्षा, कुणाचा तरी टीव्ही एवढंच निघतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूल सांगतं की कबुतर घुमतं आणि उडतं तेव्हा वेगवेगळा आवाज होतो, खालच्या मजल्यावर कुणीतरी कोथिंबीर चिरतंय, लांब स्टेशनात गाडी शिरतेय. हे आवाज पहिल्या दिवशीही होतेच.

मग एक प्रश्न विचारा: फोनवर आजीने नुसतं "हां बोल" म्हटलं तरी ती आजीच, हे तुला कसं कळतं? मुलं विचारात पडतात. कळतं, कारण तो आवाज ती रोज ऐकतात. मेंढरं मेंढपाळाची वाणी ओळखतात हे योहानाच्या दहाव्या अध्यायातलं बोलणं इथे, याच वेळी वाचून दाखवा. वचन रोज का वाचायचं, याचं निराळं व्याख्यान मग द्यावं लागत नाही.

*तपासा:* चार-पाच वर्षांचं मूल अर्धा मिनिट आणि आठ-नऊ वर्षांचं एक मिनिट न बोलता बसू शकतंय का? हालचाल चालेल, बोलणं नको. जमत नसेल तर इथेच थांबा. पुढे जायची घाई इथे महागात पडते.

टप्पा २: वचन

सुरुवात शमुवेलापासून करा (१ शमुवेल ३). ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, म्हणूनच ती घाईने सांगितली जाते आणि कामाचा भाग निसटतो. सावकाश वाचा. मुलगा परमेश्वराच्या मंदिरात झोपलेला आहे, देवाचा दीप अजून विझलेला नाही, म्हातारा याजक एली आपल्या जागी पडलेला, त्याला नीट दिसत नाही. हाक येते. मुलगा धावत एलीकडे जातो: "मी आलो, तुम्ही बोलावलंत ना?" एली म्हणतो, मी नाही बोलावलं, जा, झोप. असं तीनदा होतं.

इथे मुलांना थांबवून विचारा: शमुवेलाला का कळलं नाही? शास्त्र स्वतःच सांगतं, त्याला परमेश्वराची अजून ओळख नव्हती. म्हणजे मंदिरात राहणारं, सेवा करणारं मूलसुद्धा देवाचा आवाज ओळखीच्या माणसाचा समजून चुकतं. तुमच्या मुलाचंही चुकेल. शमुवेलाला त्याबद्दल कुणी रागावलं नाही, हे मुलांना जरूर दाखवा.

आणि तुम्ही स्वतः एलीकडे बघा. एलीला हाक ऐकू आली नाही. तिसऱ्या वेळी त्याच्या लक्षात आलं, तेव्हा तो उठून मुलाबरोबर गेला नाही, त्याच्या वतीने उत्तरही दिलं नाही. काय म्हणायचं तेवढं शिकवलं, "हे परमेश्वरा, बोल, तुझा दास ऐकत आहे", आणि मुलाला परत त्याच्या जागी पाठवलं. काय ऐकलंस हे त्याने विचारलं ते सकाळी. निरोप एलीच्याच घराण्याविरुद्ध होता, मुलगा सांगायला घाबरत होता, तरी एलीने तो पूर्ण ऐकून घेतला आणि मानला. पालकांचं काम किती आणि कुठवर, हे या अध्यायात मांडलेलं आहे. हा अध्याय तीन-चार संध्याकाळी पुरवा.

पुढचा क्रम माझ्या अनुभवाने असा ठेवावा: एलीया (१ राजे १९), म्हणजे मुलांना कळतं की वारा, भूकंप, अग्नी यांत परमेश्वर नव्हता; मग मरिया (लूक १), जी घाबरली आणि "हे कसं होईल?" असं विचारलं, मग हनन्या (प्रेषितांची कृत्ये ९), ज्याने विश्वासणाऱ्यांचा छळ करणाऱ्या शौलाकडे जायला सांगितल्यावर आधी हरकत घेतली, मग योना, ज्याने स्वच्छ ऐकलं आणि निनवेऐवजी तार्शीशची वाट धरली. देवाला प्रश्न विचारता येतो, भीती सांगता येते, आणि ऐकूनही पळून जाता येतं, हे सगळं मुलांना या माणसांतून कळू द्या. गेथशेमाने, म्हणजे क्रूसाच्या आदल्या रात्रीची येशूची प्रार्थना, शेवटी ठेवा, कारण त्यावर पुढे येणार आहे.

वाचण्याची पद्धत: आठ-दहा ओव्या, त्याच दोनदा. पहिल्यांदा मोठ्याने, दुसऱ्यांदा हळू. मधे स्पष्टीकरण नाही. मग एकच प्रश्न, "कुठल्या ठिकाणी थांबावंसं वाटलं?" शेवटी तात्पर्य काढू नका. तात्पर्य सांगितलं की मुलाचं काम संपलं, आता ऐकायला काही उरलंच नाही.

*सावध:* डोळे मिटून शास्त्र उघडायचं, बोट ठेवायचं आणि तिथलं वचन "आजचा निरोप" म्हणायचं, हा प्रकार मुलांना फार आवडतो, कारण त्यात चिठ्ठी काढल्याची गंमत आहे. घरी तो सुरूच करू नका. एकदा सवय लागली की सलग वाचण्याचा कंटाळा येतो, आणि परीक्षेच्या सकाळी भलतंच वचन निघालं की पोर रडत शाळेत जातं.

टप्पा ३: शांतता

वाचन झाल्यावर लगेच, मधे गीत किंवा सूचना न घालता, गप्प बसायचं. चार ते सहा वर्षांना अर्धा मिनिट, सात ते नऊ वर्षांना एक-दोन मिनिटं, त्याहून मोठ्यांना तीन ते पाच. यापेक्षा जास्त वेळ मुलाने मागितला तरच द्या. शमुवेलाचं वाक्य सगळ्यांनी एकदा म्हणायचं आणि थांबायचं.

डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही. काही मुलांना मिटल्या डोळ्यांची भीती वाटते, काहींना लगेच झोप येते. त्यांना वाचलेल्या पानाकडे बघत बसू द्या. लहानांच्या हातात पेन्सिल असली तरी चालते.

मन भटकणारच. मुलाला आधीच सांगा: क्रिकेट आठवलं तर "देवा, मला क्रिकेट आठवतंय" एवढं मनात म्हण आणि वाचलेल्या वाक्याकडे परत ये. ते पाप नाही, त्याची कबुली नको. बऱ्याच वेळा जे आठवतं तेच महत्त्वाचं निघतं. वर्गातलं भांडण तीन दिवस शांततेत येत असेल तर ते उगाच नाही.

मागे हळू संगीत लावण्याची पद्धत आता पुष्कळ ठिकाणी दिसते. घरी नको. सुरावटीने मुलांचं मन भरून येतं आणि त्या भरून येण्यालाच ती देवाचा स्पर्श समजू लागतात. मग ज्या दिवशी संगीत नाही त्या दिवशी देवही नाही, अशी गाठ बसते. ज्या घरांत रोझरी (मण्यांच्या माळेवरची प्रार्थना) म्हणतात त्यांनी ती संपल्यावर ही शांतता ठेवावी, घाईने आवरता घेतलेल्या रोझरीच्या मधे नको.

*सावध:* शिक्षा म्हणून "जा, देवापुढे गप्प बस" असं कधीही म्हणू नका.

टप्पा ४: सांगणं

"देव काय म्हणाला?" हा प्रश्न या घरातून कायमचा काढून टाका. त्याला उत्तर द्यायचं म्हणजे मुलाला एक तर बनवून सांगावं लागतं, नाहीतर आपण कमी पडलो असं वाटतं. त्याऐवजी विचारा:

"वाचलेल्यातलं काय मनात राहिलं?"
"कुणाची आठवण आली का?"
"काही टोचलं? काही बरं वाटलं?"

"काही नाही" हे उत्तर तितक्याच खुशीने घ्या. चेहरा पडू देऊ नका, पुन्हा विचारू नका, "अरे आठव की" म्हणू नका. ज्या घरात "काही नाही" चालतं, त्याच घरात मुलं कधीतरी खरं काहीतरी सांगतात.

लहानांना वहीत काढू द्या. शमुवेलाच्या गोष्टीनंतर बहुतेक मुलं झोपलेला मुलगा आणि वर ढगातून येणारा आवाज काढतात. एका मुलीने नुसता दिवा काढला होता, वात काळीभोर गिरवलेली, आणि खाली एक लहान वाटी. वाटी कसली, विचारल्यावर म्हणाली, "तेलाची. रात्री संपलं तर कोण घालणार?" तिच्या आईने तिथेच वही मिटायला लावली नाही आणि समजावतही बसली नाही. त्या घरात आजोबा आजारी होते आणि रात्री त्यांच्याकडे कोण उठतं हा मोठ्यांचा वाद पोरीने ऐकला होता, हे नंतर कळलं. चित्राचा अर्थ तुम्ही लावू नका, मुलाला विचारा आणि ते सांगेल तेवढ्यावर थांबा.

बोलण्याचा क्रम धाकट्यापासून. मोठे शेवटी. पपा आधी बोलले की सगळ्यांच्या मनात तेच राहिलेलं असतं.

*तपासा:* महिनाभरात सगळी मुलं एकसारखंच आणि तुम्हाला आवडेल असंच सांगत असतील, तर टप्पा दोनवर परत जा. शांततेच्या वेळी मुलं अजून तुमच्याकडेच बघतायत.

टप्पा ५: पारख

हा टप्पा बहुतेक घरं गाळतात. मुलाने काहीही सांगितलं की "हालेलूया!" म्हणून टाळ्या, नाहीतर "काहीतरीच काय" म्हणून उडवून लावणं. पौलाने थेस्सलनीकातल्या मंडळीला दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत: आत्म्याला विझवू नका, आणि सर्व गोष्टींची पारख करा (१ थेस्सलनीकाकरांस ५:१९-२१). टाळ्यांची घाई झाली की पारख राहते, आणि उडवून लावलं की आत्मा विझतो.

मुलाबरोबर चार प्रश्न विचारायचे. हे येशूने जे शिकवलं त्याच्याशी जुळतं का? हे केल्याने प्रीती, शांती, सौम्यता, ममता वाढेल की भांडण, भीती, बढाई? (गलतीकरांस ५ मधली फळांची यादी भिंतीवर लावून ठेवा.) हे मोठ्यांना उघड सांगता येईल का? आणि थोडं थांबून, उद्या-परवा, पुन्हा तसंच वाटतंय का?

दुसरीतला मुलगा म्हणतो, "देव म्हणाला, पपांनी गियरवाली सायकल घ्यावी." हसू आलं तरी हसू नका. चार प्रश्न विचारा. तो स्वतःच तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोचताना म्हणतो, "ते बहुतेक मीच म्हणालो." छान. मग सांगा, सायकल हवी आहे हे देवाला सांगायला हरकत नाही, ती मागणी झाली. आपलं मागणं आणि त्याचं सांगणं यांतला फरक मुलाने असा स्वतः शोधलेला बरा.

वचन सापडलं म्हणजे खात्री झाली असंही नाही. अरण्यातल्या परीक्षेत सैतानानेही स्तोत्र उद्धृत केलं आणि येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगितलं (मत्तय ४). येशूने दुसऱ्या वचनाने त्याला उत्तर दिलं. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हा प्रसंग सविस्तर वाचून दाखवा. या वयात ती वचनं हत्यारासारखी वापरायला लागतात, विशेषतः धाकट्या भावंडांवर.

"देव म्हणतो शाळेत जाऊ नको" असं मूल म्हणालं तर आळशीपणा म्हणून झटकू नका. शाळेत किंवा रिक्षात काय चाललंय ते शांतपणे विचारा.

*सावध, आणि ही सूचना बाकी सगळ्यांहून वर:* कुणी मोठा माणूस, मग तो चर्चमधला, नात्यातला, शिकवणीचा कुणीही असो, मुलाला "देवाने मला सांगितलंय, हे आपल्या दोघांत ठेव, आईला सांगू नकोस" असं म्हणाला, तर ती देवाची वाणी नाही. हे वाक्य मुलांना आत्ताच, कुठलीही घटना घडायच्या आधी, स्पष्ट शिकवून ठेवा. देव मुलाला आईपासून लपवून ठेवायला सांगत नाही. असं काही कानावर आलं तर मुलाचं पूर्ण ऐका, त्याच्यावर विश्वास ठेवा आणि मदत घ्या. चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर १०९८ आहे.

मुलाला खरोखरच कानात आवाज येत असतील, ते घाबरवणारे असतील, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर म्हणत असतील, झोप-जेवण बिघडलं असेल, तर प्रार्थना चालू ठेवा आणि त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. इजेची भाषा असेल तर त्याच दिवशी. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोनवरूनही सल्ला मिळतो. "हे आत्मिक आहे, डॉक्टर काय करणार" असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

टप्पा ६: एक छोटी कृती

पारख होऊन जे उरलं त्यातून मुलाने उद्यापर्यंत करता येईल असं एक काम निवडायचं. मैत्रिणीला सॉरी म्हणणं. वॉचमनकाकांना थंड पाणी नेऊन देणं. आजीला फोन. काम मुलाने स्वतः करण्याजोगं असावं, तुम्हाला पैसे घालावे लागतील असं नको.

दुसऱ्या दिवशी बसताना आधी त्याची चौकशी: "केलंस का? काय झालं?" केलं नसेल तर "आज करशील?" एवढंच. मैत्रिणीने सॉरी स्वीकारलंच नाही, तोंड फिरवलं, असंही होतं. तेही वहीत लिहू द्या. ऐकून वागलं की सगळं गोड होतं असं शिकवलंत, तर पहिल्या कडू अनुभवाला मूल ऐकणंच सोडेल.

*सावध:* मुलाचा अनुभव लगेच चर्चमध्ये साक्ष म्हणून उभा करू नका आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. मरियेने सगळं अंतःकरणात जपून ठेवलं होतं (लूक २:१९). एकदा टाळ्या मिळाल्या की पुढच्या रविवारी मुलाला नवा अनुभव आणावाच लागतो, आणि तो ते आणतं.

काहीच ऐकू येत नाही, महिनोन्‌महिने

हे होतं, मोठ्यांना होतं तसं मुलांनाही. इथे गेथशेमाने वाचा. मत्तय २६ मध्ये येशूने तीनदा तीच प्रार्थना केली, आणि त्या अध्यायात देवाचं उत्तर नोंदलेलं नाही. दुःखाचा तो प्याला टळला नाही. मुलांना हे ऐकून धक्का बसतो, बसू द्या. देव गप्प असला तर आपण वाईट आहोत असा अर्थ होत नाही, हे समजावायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

आजी बरी व्हावी म्हणून मुलाने प्रार्थना केली आणि आजी गेली, अशा वेळी "देवाला ती हवी होती" किंवा "तुझा विश्वास कमी पडला" ही दोन्ही वाक्यं गिळून टाका. मुलाबरोबर रडा. त्या दिवसांत टप्पे, वही, प्रश्न सगळं बाजूला ठेवून एखादं स्तोत्र वाचा आणि बसून राहा.

भावंडं, आणि बारा वर्षांनंतर

दोन मुलांत एक बोलकं, एक मुखदुर्बळ असतंच. "बघ, ताईला कसं सुचतं" हे वाक्य टाळा. न बोलणाऱ्याची वही तुम्ही न विचारता उघडू नका. ती त्याची आहे. त्यात काळजीचं काही असल्याची शंका आली तर चोरून वाचण्यापेक्षा त्यालाच विचारा.

बारा-तेराव्या वर्षी बरीच मुलं म्हणतात, मला नाही बसायचं. जबरदस्तीने सतरंजीवर बसवलेलं मूल फक्त घड्याळ ऐकतं. त्याला शेजारच्या खोलीत राहू द्या, फोन मात्र पंधरा मिनिटं सगळ्यांचेच बाहेर. वाचन त्याच्या कानावर पडेल इतक्या आवाजात करा, त्याला उद्देशून काही बोलू नका. आठवड्यातून एकदा धाकट्यासाठी उतारा निवडायचं काम त्याच्याकडे द्या. बहुतेक जण योना निवडतात.